संत अन्नाची आठी

लेक चिडत नाही, ही काळजी बाईंना काही केल्या सोडत नव्हती. भाजी निवडताना तीच, कपडे वाळत घालताना तीच, चर्चमध्ये मिस्सेत गुडघे टेकले तरी डोक्यात तीच. दुसऱ्या कुठल्या आईला सांगावं तर ती म्हणेल, नशीब काढलंत की हो! पण त्या दुसऱ्या आईनं बाईंची लेक पाहिलेली नसते. ही पोरगी पाळण्यातसुद्धा मुठी आवळून झोपायची. शाळेत गणिताच्या सरांनी फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलं म्हणून बाकावर उभी राहून भांडली होती, आणि ते सर बाईंच्याच शाळेतले, मधल्या सुट्टीत बाईंच्या शेजारी बसून डबा खाणारे. मोठी झाल्यावर ती लाकूडवाल्याशी भांडली, वायरमनशी भांडली, घरमालकाशी भांडली. भांडायला कुणीच सापडलं नाही की समोरच्या लाकडाशी भांडायची. "अरे, नाक सरळ ठेव ना मेल्या!" असं ती हातातल्या अर्ध्या कोरलेल्या संत पीटरवर खेकसलेली सबंध गल्लीनं ऐकलंय.

आणि आता ती शांत होती. "जाऊ दे गं आई," म्हणत होती, तेही हसून. लेकीनं टाकून दिलेला राग कुणीतरी उचलायला हवा होता. तो बाईंनी उचलला होता आणि दिवसभर तो घेऊन फिरत होत्या, गरम पातेलं हातात यावं आणि ठेवायला जागा मिळू नये तशा.

बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या भाषेच्या शिक्षिका. अर्ध्या वस्तीला त्यांनी जोडाक्षरं शिकवलेली, त्यामुळं सगळे त्यांना बाईच म्हणतात. नवरा लवकर गेला. पदरात ही एकच. नवऱ्याची शवपेटी सांगायला बाईंचा धाकटा भाऊ गेला, तेव्हा ही चिमुरडी मामाचं बोट धरून त्याच्याबरोबर गेली. पेट्या करणारा मिस्त्री म्हातारा, तुसडा, तोंडात कायम पेन्सिल धरलेला. उरलेल्या फळकुटांतून तो संत कोरायचा. बाप गेलेल्या पोरीच्या डोक्यावरून त्यानं हात फिरवला नाही, की बिचारी म्हटलं नाही. तिच्या हातात एक लाकडाचा तुकडा आणि काचपेपर दिला आणि म्हणाला, "बस इथं. गुळगुळीत झाला की सांग." पेटी तयार होईपर्यंत पोरगी घासत बसली. बापाच्या पेटीवर मिस्त्रीनं जो छोटा क्रूस बसवला, तो तिच्या हातातल्या त्याच तुकड्याचा.

त्या दिवसापासून ती त्याच्या दुकानातून उठली नाही म्हटलं तरी चालेल. शाळा सुटली की दप्तर घेऊन थेट तिकडे. बाई तिला कानाला धरून घरी आणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ढलप्यांच्या ढिगात बसलेली. "शवपेट्यांच्या दुकानात पोरगी बसवतेस?" असं जाऊ विचारायची, तेव्हा बाईंना दोघींचाही राग यायचा, जावेचा आणि पोरीचा. पुढं तिनं कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा तर घरात चूल पेटली नाही. कॉमर्सला होती, चांगले मार्क होते.

"बेरजा मला येतात," लेक म्हणाली. "लाकूड येत नाही. जे येत नाही ते शिकते."

"आणि पोट कशानं भरणार? भुशानं?"

"तुझ्या टोमण्यांनी. उरतील इतके आहेत."

मिस्त्री वारला. त्याची पेटी तिनं केली. दुकान तिच्याकडे आलं. पेट्या तिनं बंद केल्या आणि संत ठेवले. मिस्त्रीचा एक नियम तिनं कधी मोडला नाही: चित्रावरून कोरायचं नाही, चेहरा जिवंत माणसाचा घ्यायचा. आणि ज्याला कधी चिडलेलं पाहिलं नाही, त्याचा तर घ्यायचाच नाही. चिडल्यावरच माणसाच्या चेहऱ्याची हाडं कळतात, असं मिस्त्रीचं म्हणणं. त्यामुळं तिचे संत सगळे गल्लीतलेच. भिकाऱ्यासाठी आपला झगा कापणारा संत मार्टिन म्हणजे कोपऱ्यावरचा शिंपी, आणि कापड कापताना शिंपी जीभ दातांत धरतो तशी संतानंही धरलेली. संत रोकच्या पायाशी बसलेलं कुत्रं म्हणजे पोस्टमनला चावलेलं तुटक्या कानाचं कुत्रं. लोक दुकानात यायचे, बघायचे, हसायचे आणि मग गप्प व्हायचे. आपल्या ओळखीचं माणूस असं वर आकाशाकडे बघताना दिसलं की हसू जरा आत जातं.

रंग ती कधीच लावायची नाही. जवसाचं तेल, मेण आणि जुन्या सुती साडीचा बोळा. "रंग लावला की संताचा बाहुला होतो," म्हणायची. नम्रपणा तिच्या वाट्याला आलाच नव्हता. "या जिल्ह्यात हात माझाच," असं ती ग्राहकाच्या तोंडावर सांगायची, आणि ग्राहकाला ते पटायचं, हाच बाईंना मोठा वैताग.

मग चर्चच्या आवारातली जुनी महोगनी वादळात पडली.

तेव्हाचे फादर वयस्कर होते. पुढच्या वर्षी त्यांची बदली ठरलेली. वेदीच्या उजव्या हाताचा कोनाडा कित्येक वर्षं रिकामा होता. त्यांच्या मनात आलं, याच झाडाची मूर्ती तिथं बसावी. संत अन्ना, मरियामातेची आई, मांडीवर पुस्तक, शेजारी लहानगी मरिया, आणि आई तिला वाचायला शिकवतेय. फादर स्वतः दुकानात आले. बाई त्या दिवशी लेकीचा डबा घेऊन गेल्या होत्या, त्यांनीच चहा टाकला. ट्रे घेऊन त्या दारात उभ्या होत्या तेव्हा आत हे बोलणं झालं, शब्द न शब्द त्यांनी ऐकलं.

"ओलं लाकूड आहे, फादर. सावलीत पडू द्या काही वर्षं. आत्ता कोरलं तर फुटणार."

"काही वर्षांनी मी कुठं असेन, पोरी? मला बघून जायचंय."

तिथंच लेक चुकली. चर्चमधल्या बाकीच्या सगळ्या मूर्ती प्लास्टरच्या, कॅटलॉगमधून मागवलेल्या. इथल्या हाताचं काहीच तिथं नव्हतं. आपलं काम वेदीशेजारी बसणार, या नुसत्या विचारानं तिचे डोळे चमकले, ते बाईंनी पाहिलं. मनात आलं असतं तर ती नाही म्हणू शकली असती. हो म्हणाली.

"पण माझी अट आहे," ती म्हणाली. "भेग येणारच, धरून चाला. मी भेगेला वाट करून देते, बाकी तिची मर्जी. मागून मूर्ती पोकळ असेल आणि पाठ उघडी राहील, तिला हात लावायचा नाही. लाकडाला तिथून वारा हवा. एक वर्ष झालं की मूर्ती खाली उतरवायची. मी त्याच झाडाची वाळलेली पाचर बसवीन, मग पाठ बंद करीन. तोवर कुणी शहाणपणा करायचा नाही."

"कबूल," फादर म्हणाले. "संताला पिकायला वेळ लागतो."

कागदावर काही झालं नाही. कमिटीला कुणी सांगितलं नाही. कमिटीचा सेक्रेटरी म्हणजे बाईंचा तोच धाकटा भाऊ. आपल्या मामाला काही समजावून सांगायचं म्हणजे लेकीला कमीपणा वाटायचा. मामा तिला लहानपणापासून सुतारपक्षी म्हणतो, सगळ्यांसमोर, आणि वर चोचीनं ठकठक केल्याची नक्कल करून दाखवतो.

मूर्ती कोनाड्यात बसली तेव्हा पडदा बाजूला झाला आणि चर्चमधली सगळी डोकी एकदम मागं वळली, बाईंकडे. संत अन्ना म्हणजे बाईच! तीच आवळलेली जिवणी, तीच वर उचललेली हनुवटी, आणि दोन भुवयांच्या मधोमध ती उभी आठी, नख बसेल इतकी खोल. वहीत चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ दिसला की बाईंच्या कपाळाला पडते तीच. मागच्या बाकावरचे त्यांचे जुने विद्यार्थी तोंडाला रुमाल लावून हसत होते.

बाहेर आल्यावर बाईंनी लेकीला गाठलं. "जन्माचं हसं केलंस माझं. संत अन्ना काय सारखी वसकन अंगावर यायची?"

"पोरीला वाचायला शिकवताना येत असणार," लेक म्हणाली. "आणि आठी असू दे तिथं. ती लागते."

कशाला लागते, ते बाईंनी विचारलं नाही. त्या तावात घरी गेल्या.

म्हातारे फादर बदलून गेले, त्यांच्या जागी नवे अजून यायचे होते. उन्हाळा आला, आणि भेगही आली. आठीच्या शेजारून निघाली, नाकाच्या बाजूनं गालावरून उतरली आणि जबड्यापर्यंत गेली. वर्ष भरायला थोडे दिवस बाकी होते. तेवढ्यात बिशप भेटीला येणार असं कळलं आणि सेक्रेटरीसाहेबांची धावपळ सुरू झाली. त्यांनी भाचीला विचारलं नाही. दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर बोलावला. पेंटरनं आज्ञेप्रमाणे भेगेत लांबी म्हणजे पुट्टी भरली, मग हात लागलाच आहे तर आठीतही भरली, घासून सपाट केलं आणि वर ऑइलपेंट चढवला. गुलाबी गाल. लाल ओठ. निळे डोळे. आतून पाली येतात म्हणून पाठीला प्लायवूड ठोकलं, खिळ्यांनी, आणि फटी राहू नयेत म्हणून तिथंही लांबी.

बिशप आले त्या रविवारी मायलेकींनी ते एकदमच पाहिलं. कोनाड्यात साबणाच्या जाहिरातीतली बाई बसली होती. बाईंनी आधी लेकीचं मनगट धरलं, घट्ट, कारण आता काय होणार ते त्यांना ठाऊक होतं: ही ओरडणार, बाक ओलांडून जाणार, बिशपांसमोर मामाची कॉलर धरणार. मनगट सैल होतं. लेक म्हणाली, "बरं केलं त्यांनी. भेग माझीच होती."

दुसऱ्याच दिवशी तिनं सगळ्या पटाश्या पुसून, तेल लावून मेणकापडात गुंडाळल्या, दुकानाला कुलूप लावलं, किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवली आणि हमरस्त्यावरच्या फर्निचरच्या शोरूममध्ये कामाला लागली.

बाई एकदा तिथं गेल्या. शोरूम थंडगार, दिवे पांढरे, आणि त्यात लेक जमिनीवर उकिडवी बसून एका चिमुकल्या किल्लीनं स्क्रू पिळत होती.

"सोफा बघताय का, मॅडम?" टाय लावलेला मॅनेजर पुढं आला.

"नाही. लेक बघतेय," बाई म्हणाल्या, आणि तो मागच्या मागं गेला.

"काय करतेस?"

"कपाट जोडते. हे इकडून, हे तिकडून, झालं कपाट. डोकं लागत नाही अजिबात."

"लाकूड कुठलं हे?"

"लाकूड नाहीच गं. भुसा दाबून केलेली फळी. वरून कागद."

"आणि तुला चालतं?"

"भेग पडत नाही ना, आई."

बाईंनी सगळी अस्त्रं काढली. म्हणाल्या, तुझ्या मिस्त्रीनं हे पाहिलं असतं तर तुलाच पेटीत घातलं असतं. लेक हसली, "घातलं असतं तर आरामात झोपले असते, त्यांच्या पेट्या ऐसपैस असायच्या." म्हणाल्या, तुझ्या मामानं माझं तोंड रंगवलं आणि तू इथं स्क्रू पिळतेस? लेक म्हणाली, "जाऊ दे गं. रंगात तू बरी दिसतेस." तेही शांतपणे. जखमेवरची खपली ओरबाडावी आणि खाली काहीच दुखू नये, तसं. बाई शोरूमबाहेर आल्या आणि रिक्षा न करता उन्हातून थेट घरापर्यंत चालत गेल्या. संतापानं की भीतीनं, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

रविवारी मिस्सेनंतर भाऊ नेहमीप्रमाणे बाईंकडे चहाला आला. पंख्याखाली बसला, कपबशी हातात घेतली, आणि बाईंनी तोंड उघडलं.

"मूर्ती कधी उतरवतोस?"

"कुठली मूर्ती?"

"वेड पांघरू नकोस."

"ताई, तडा गेला होता तिला, तडा! कपाळापासून जबड्यापर्यंत. बिशप यायचे आणि वेदीशेजारी फुटक्या तोंडाची संत? कसं दिसलं असतं?"

"तिला विचारायला काय झालं होतं? दुकान चर्चपासून हाकेच्या अंतरावर."

"अगं, ती अंगावर येते! खरं सांगू, मला भीती वाटते तुझ्या पोरीची. हातात नेहमी काहीतरी धारदार असतं."

"आणि आठी? आठीला कुठं तडा गेला होता? ती का बुजवलीस?"

भावानं हसून बशीत चहा ओतला. "ती तुझ्यासाठी गं. चांगली वीस वर्षांनी तरुण केली तुला. आभार मानायचे सोडून..."

"माझ्या तोंडाला रंग फासलायस तू. जिवंतपणी."

"ताई, काहीतरी बोलू नकोस."

"वर्षानं उतरवायचं ठरलं होतं. पाठ उघडी ठेवायची ठरली होती. मी तिथं होते, चहाचा ट्रे घेऊन. ओलं लाकूड आहे ते. तू त्याला सगळीकडून कोंडलंयस. आतल्या आत कुजेल."

"कमिटीसमोर काही ठरलेलं नाही. आणि तू आई आहेस, तू तिचीच बाजू घेणार." मग त्यानं आवाज खाली आणला. "ती स्वतः कुठं काय म्हणते? मला भेटली परवा, हसली, मामा कसे आहात म्हणाली. जिचं काम तिला काही नाही आणि तू कशाला कढ काढतेस?"

बाईंचा भडका उडाला. याच भावानं त्या दिवशी पोरीला बोट धरून पेटीच्या दुकानात नेलं होतं, हे त्यांना आठवलं आणि राग दुप्पट झाला. त्यांनी त्याच्या हातातली बशी घेतली, कपही घेतला, स्वयंपाकघरात गेल्या आणि अर्धा चहा मोरीत ओतून दिला.

"झाला चहा," बाहेर येऊन त्या म्हणाल्या. "नीघ."

पण त्याचा शेवटचा प्रश्न काही मोरीतून वाहून गेला नाही. चार दिवस तो त्यांनी डोक्यात घोळवला आणि पाचव्या दिवशी दुपारी चर्चमध्ये गेल्या. आत कुणी नव्हतं. त्यांनी पुढचा बाक ओढून कोनाड्याखाली आणला, चपला काढल्या आणि वर चढल्या. आता त्या आणि संत अन्ना समोरासमोर होत्या, नाकाला नाक. जवळून तर ती आणखीच बिनडोक दिसत होती. लहानग्या मरियालाही लाल ओठ. आणि अन्नाच्या गुलाबी गालावर रंग फुगला होता. तव्याला हात लागल्यावर येतो तसा एक फोड. बाईंनी अंगठ्यानं दाबला. फोड फुटला आणि अंगठा ओला झाला.

"बाई! पडाल, बाई!"

दारातून नवे फादर धावत आले. हे वयानं बाईंच्या लेकीहून लहान, भांडणाला घाबरणारे.

बाई उतरल्या नाहीत. अंगठा त्यांच्यासमोर धरला. "हे बघा. रडत नाहीये ती, सडतेय. चमत्कार म्हणून पत्रक काढू नका."

फादरनी अंगठ्याकडे पाहिलं, वर मूर्तीकडे पाहिलं. "मला लाकडातलं काही कळत नाही, बाई. मी आलो तेव्हा ती अशीच होती."

"आता कळलं ना? मग उतरवा."

"उतरवायला माझी हरकत नाही. सेक्रेटरींशीही मी बोलेन. पण उतरवून पुढं काय करायचं, हे मला कोण सांगणार? तुमच्या मुलीनं यावं, माझ्यासमोर उभं राहून काय करणार ते सांगावं. मी दोनदा निरोप पाठवला. ती येतच नाही." त्यांनी बाईंना उतरायला हात दिला. "तिलाच नको असेल तर आपण कशाला जबरदस्ती करायची?"

म्हणजे फिरून गाडी तिथंच. सगळ्या जगाला एकच निमित्त मिळालं होतं, लेक काही बोलत नाही. बाई पायऱ्या उतरल्या ते घराकडे न वळता दुकानाकडे वळल्या. किल्ली पर्समध्येच होती. काय शोधायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त तिथं जाऊन काहीतरी आपटायचं होतं.

दुकान बंद राहून कोंदटलं होतं. ठोकळ्याच्या टेबलावर धूळ, खिडकीत जवसाच्या तेलाची बाटली, खुंटीला लाकडी मोगरी टांगलेली. अर्धा कोरलेला संत पीटर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता, शिक्षा केल्यासारखा. बाईंनी शिडी लावली आणि माळ्यावर गेल्या. तिथं गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी गोणपाट फाडायच्या बेतानं ओढलं.

आतून आधी निघाली एक पाचर. लांबट, निमुळती, तेल पिऊन काळसर झालेली, खणखणीत वाळलेली. म्हणजे हिनं ती तेव्हाच बाजूला काढून ठेवली होती, त्याच महोगनीची. आणि पाचरीखाली एक डोकं, वीतभर उंचीचं. संत अन्नाचं. बाईंचं. मोठ्या मूर्तीआधी हात बसावा म्हणून केलेलं, त्याच झाडाच्या ओल्या लाकडाचं. तेही वाळून फुटलं होतं. पण कुठं फुटलंय ते बाईंना आधी दिसेनाच. त्यांनी चष्मा लावला आणि डोकं खाली खिडकीशी आणलं. भेग बरोब्बर आठीत होती. भुवयांच्या मधून सरळ खाली, आठीच्याच तळाशी. आठी कुठं संपते आणि भेग कुठं सुरू होते, हे नखानंच कळत होतं. एका बाजूला गाल गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत. नुसती एक बाई कपाळाला आठी घालून बसलेली.

मी भेगेला वाट करून देते.

बाई शिडीच्या पायरीवर बसल्या. आठी असू दे, ती लागते. हे होतं होय! आईची टर उडवायला ती आठी नव्हती, किंवा होती थोडीशी, पण मुळात ती भेगेसाठी राखलेली जागा होती. लाकडाला फुटायचंच आहे तर आईच्या आठीत फुटावं. छोट्या डोक्यात जमलं. मोठ्या मूर्तीत भेग बोटभर हुकली, शेजारून गेली. आणि या बोटभर हुकण्यासाठी ही बया पटाश्या गुंडाळून शोरूममध्ये बसली! मामाचा तिला राग आलाच नव्हता. सबंध चर्चमध्ये तिला एकच गुन्हेगार दिसला होता, ती स्वतः. या जिल्ह्यात हात माझाच म्हणणारीचा हात चुकला, म्हणून ती तोंड मिटून बसली होती, आणि तिच्या गप्प बसण्यावर मामा चहा पीत होता, फादर खांदे उडवत होते आणि संत अन्ना आतल्या आत सडत होती.

मग मात्र बाईंचा राग ज्याच्या त्याच्या पत्त्यावर गेला. भावाचा हिस्सा भावाकडे, तो हिस्सा मोठा होता आणि तसाच राहणार होता. पण हा जो उरला तो लेकीचा, सरळसरळ. चुकलं तर चुकलं. बोटभर चुकलं. त्यासाठी पाचर करून ठेवलेली, आणि ती वर माळ्यावर, आणि खाली पाटी रंगवणारा लांबी भरतोय! हे कुणी शिकवलं हिला? बाईंनी नाही शिकवलं. बाईंच्या वर्गात चुकलं की पुन्हा लिहायचं असे, वही घरी ठेवून आलेल्याला त्या वर्गाबाहेर उभं करत.

उन्हं कलली होती. शोरूम सुटायची वेळ झाली होती. बाईंनी पाचर पदराला पुसली आणि डोकं टेबलावर समोर ठेवलं. पर्समधून फोन काढला. आधी भावाचा नंबर लावावा असं मनात आलं. पण भावाला बोलण्यासाठी फोन कशाला, रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत बोलता येईल. शिडी धरायला फादर आहेत. मूर्ती उतरवायला वस्तीतली चार माणसं येतील, सगळी त्यांच्या हाताखालून गेलेली. नव्हती फक्त पटाशी धरणारी.

काय बोलायचं, हा प्रश्न होता. समजावून सांगितलं तर ती म्हणणार, जाऊ दे गं आई. रडून सांगितलं तर आणखी गोड बोलणार. बाईंनी त्या वीतभर डोक्याकडे निरखून पाहिलं. काम अप्रतिम होतं, यात वाद नव्हता. जिवणी तीच, हनुवटी तीच. मग त्यांना नाक दिसलं. नाक जरा, अगदी जरासं, फताडं होतं. म्हटलं तर होतं, म्हटलं तर नव्हतं.

बाईंच्या कपाळाला उभी आठी पडली. त्यांनी लेकीचा नंबर काढला. हॅलो म्हणायचं नाही, कशी आहेस विचारायचं नाही, भेगेचं नाव काढायचं नाही. पहिलं वाक्य ठरलं: माळ्यावरचं डोकं बघितलं, नाक साफ चुकलंय.

मग बघू कशी चिडत नाही ते. त्यांनी बटण दाबलं.